वारसांचे हिस्से : गणित शाखेनुसार

शेतजमिनीचा खातेदार मरण पावल्यावर वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये नोंदविली जातात व फेरफाराने ती सातबारा उताऱ्यावर येतात. नावे लागली, तरी प्रत्येकाचा हिस्सा किती, हा प्रश्न उरतोच. नावे मोजून तितके समान भाग करावेत, असा समज सहज होतो. परंतु तो कायद्यास धरून नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १० अन्वये, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची विधवा, हयात मुलगे, मुली व आई यांना प्रत्येकी एक हिस्सा मिळतो. आधीच वारलेल्या मुलाच्या वारसांना मात्र सर्वांत मिळून एकच हिस्सा मिळतो.

एक उदाहरण घेऊ. स्वकष्टार्जित २४० आर जमिनीच्या मालकामागे विधवा, मुलगा, मुलगी आणि पूर्वीच वारलेल्या मुलाची विधवा व तिची दोन अपत्ये, एक मुलगा व एक मुलगी, असे वारस आहेत. नावे सहा असली, तरी मूळ हिस्से चारच. पहिल्या तिघांना प्रत्येकी १/४, म्हणजे ६० आर मिळतात. चौथ्या शाखेतील तिघांना १/४ चा १/३, म्हणजे १/१२ किंवा २० आर मिळतात. सरसकट सहा भाग केल्यास प्रत्येकास ४० आर येतील व वृद्ध विधवेचे २० आर बुडतील.

पुढे त्या शाखेतील नातू अविवाहित असताना व मृत्युपत्र न करता वारला, तर त्याचा १/१२ हिस्सा आईकडे जातो. तिचा एकूण हिस्सा १/६, म्हणजे ४० आर होतो. तात्पर्य, पिढी उतरताना अपूर्णांकांचा गुणाकार करावा व एकाच व्यक्तीस दोन वाटांनी हिस्सा मिळाल्यास बेरीज करावी.

शेकडेवारी अगदी शेवटी काढावी. १/१२ ऐवजी ८.३३ टक्के धरल्यास तिघांची बेरीज २५ न होता २४.९९ होते व प्रत्येक पिढीत ही तूट वाढू शकते. सर्व हिस्स्यांची बेरीज पूर्ण एक, म्हणजेच सोळा आणे, आली पाहिजे.

वडिलोपार्जित जमिनीत प्रथम सहदायकांचे हिस्से ठरवावे लागतात. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीनुसार मुलगीही जन्मतः सहदायक आहे. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे खरे; तथापि हिस्सा प्रारंभीच अचूक मांडला गेल्यास पुढील पिढ्यांचे अनेक तंटे टळतील.