आलू की भात?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अजून बर्गरचं दुकान आलं नसेल तर येत्या दोन-चार वर्षांत नक्की येईल. आमच्या सदरमध्ये तर आता पावलापावलावर खाण्याची सोय आहे. लिबर्टी टॉकीजपासून मंगळवारी बाजारापर्यंत नुसती चक्कर मारली तरी चायनीजच्या गाड्या, मोमो, रोल, बर्गर, तळलेलं चिकन असं सगळं दिसतं. सदर म्हणजे मुळात इंग्रजांच्या छावणीमुळे वसलेला बाजार. साहेबी खाण्याचं या भागाला पहिल्यापासून वावडं नाही. संध्याकाळी रेसिडेन्सी रोडवर कॉलेजची पोरं-पोरी घोळक्याने उभी असतात. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतंच आणि सोबत बहुतेक वेळा तळलेल्या आलूच्या कांड्या, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज.

आता मात्र काउंटरवर दुसराही पर्याय मिळू लागलाय. केएफसीने आपल्याकडे 'राइस बोल' विकायला आणला, त्यात मसालेदार भात, वर रस्सा आणि चिकनचे तुकडे. छोटी दुकानंही आता 'सोबत फ्राइज देऊ की राइस?' असं विचारतात. प्रश्न साधा वाटतो. पण आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बाईच्या मनात लगेच दुसरे दोन प्रश्न उभे राहतात. यातलं पोराबाळांच्या अंगी लागणारं कोणतं आणि पैसे वसूल होणारं कोणतं?

आलू आपला की परका?

नागपूरकर बटाट्याला आलू म्हणतात आणि पुण्याकडचे पाहुणे त्यावर हसतात. खरं तर 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्यामागोमाग हे कंद आपल्याकडे आले आणि चारेकशे वर्षांत आपल्या आलूबोंड्यात, समोशात इतके मुरले की आज उपासालाही चालतात. त्यामुळे आलूशी माझं काही भांडण नाही.

पण फ्राइजचा आलू वेगळा. बाजारातून आणलेला साधा आलू कापून तळला तर तो मऊ पडतो, लवकर काळपट होतो. कारण त्यात पाणी जास्त असतं आणि साखरेचा अंश असतो. कारखान्याला कमी पाण्याचा, कमी साखरेचा आलू लागतो. म्हणून त्याच्या खास जाती आहेत. शिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने 'कुफरी चिप्सोना', 'कुफरी फ्रायसोना' अशा जाती याच कामासाठी काढल्या. गुजरातमध्ये बनासकांठा, मेहसाणा या भागात अशा आलूची मोठी शेती होते आणि मेहसाण्याजवळ मॅककेन कंपनीचा कारखाना आहे. तिकडे तो सोलून, कापून, अर्धवट तळून गोठवतात. मग थंड गाडीतून तो आपल्या गावी येतो आणि दुकानात पुन्हा एकदा तेलात पडतो. म्हणजे आपल्या हातात येईपर्यंत तो दोनदा तळलेला असतो!

भाताचं तसं नाही. नागपूर सोडून पूर्वेला निघालं की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, सगळीकडे धानाची बांधी. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावांवर हे धान पिकत आलं. आपण दुकानात सहज 'एचएमटी द्या' म्हणतो. तो तांदूळ कुणी शोधला हे कितीजणींना ठाऊक आहे? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे छोटं गाव. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत झालेली. १९८३ मध्ये 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडून बारीक, चवदार तांदूळ तयार केला. तेव्हा एचएमटीची घड्याळं फार नावाजलेली होती, तेच नाव त्या तांदळाला चिकटलं. २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या तांदळावर व्यापारी मोठे झाले, दादाजींच्या घरात मात्र शेवटपर्यंत ओढाताणच होती. ताटातला पांढराशुभ्र भात बघताना मला त्यांची आठवण येते.

भात म्हणजे हलका, हे खरं का?

आपल्या बायकांचा एक समज असतो की भात म्हणजे घरचा, साधा, म्हणजे तब्येतीला चांगलाच. इथे जरा थांबूया. उकडलेल्या १०० ग्रॅम आलूत साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. म्हणजे नुसतं उकडून खायचं तर आलूच हलका! शिवाय त्यात थोडं क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही मिळतं. पण तोच आलू तळून फ्राइज झाला की १०० ग्रॅममागे ३०० च्या आसपास कॅलरी होतात. खरा फरक आलू आणि भातात नाही. तो कढईतल्या तेलात आहे.

दुसरी गोष्ट. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांना आढळलं की पिठूळ पदार्थ जास्त आचेवर तळले किंवा भाजले की त्यात 'अ‍ॅक्रिलामाइड' नावाचं रसायन तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचं दिसलं. पदार्थ जितका जास्त लालसर-काळपट, तितकं हे रसायन जास्त. पाण्यात शिजवलेल्या भातात किंवा उकडलेल्या आलूत ते जवळजवळ तयार होतच नाही. म्हणून फ्राइज 'एकदम कडक, लाल करून द्या' असं सांगणाऱ्या पोरांना जरा आवरायला हवं.

आता साखरेच्या आजाराचं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून कळलं की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तुमच्या-माझ्या नात्यात किती जण आहेत ते बोटं मोजून बघा, हाताची बोटं पुरायची नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त आरोग्यसेवकांच्या अनेक वर्षांच्या आहाराच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. आठवड्यातून तीनदा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त दिसला. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या आलूंच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. आणि ऐका, आलूच्या जागी अख्खं धान्य घेतल्यास धोका कमी दिसला, पण पांढरा भात घेतल्यास तो वाढलेला दिसला!

म्हणजे 'फ्राइज नको, राइस दे' एवढं म्हणून आपली सुटका नाही. भात कोणता, किती आणि कशासोबत, हे बघावंच लागतं. वाटीभर भातासोबत डाळ, दही, उसळ किंवा भाजी असेल तर साखर रक्तात सावकाश उतरते. नुसताच तेलात परतलेला, ताटभर फ्राइड राइस असेल तर फ्राइजनी काय पाप केलं होतं?

गाडीवरचा हिशेब

आमच्या बचत गटातल्या पाचजणींनी सदरमध्ये एका कॉलेजजवळ नाश्त्याची गाडी लावली आहे. गटाने बँकेतून कर्ज उचललंय, हप्ता दर महिन्याला भरावाच लागतो. गाडीवर सर्वांत जास्त राबणारी जी आहे, तिच्या नवऱ्याला मधुमेह. औषधाचा खर्च आणि पोरीची फी याच गाडीतून निघते. फ्राइजसोबत भाताचाही पदार्थ ठेवावा असा विषय मी बैठकीत काढला, तर ती पटकन म्हणाली, ''ताई, पोट्टे तं फ्राइजच मागतेत. भात तं घरीच खातेत ना, बाहेर कायले खातील?''

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. उपदेशाने हप्ता भरला जात नाही. म्हणून आम्ही वही काढली. गोठवलेल्या फ्राइजला डीप फ्रीजर हवा, म्हणजे विजेचं बिल आलं. वीज गेली की माल मऊ पडतो. तळताना त्यातलं पाणी उडतं, म्हणून पाकिटात एक किलो दिसलं तरी प्लेटमध्ये तेवढं भरत नाही. तेल वेगळंच. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. एफएसएसएआयने २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे, त्यावर गेलेलं तेल खाण्यात वापरता येत नाही. नियम पाळायचा तर तेल फेकावं लागतं आणि तेल फेकणं म्हणजे पैसे फेकणं.

उलट एक किलो तांदूळ शिजला की अडीच-तीन किलो भात होतो. फ्रीजर नको, कढईभर तेल नको.

मग कोणता भात द्यायचा? एकीने वडाभात सुचवला. पाच डाळींचे वडे, गरम भातावर कुस्करून, वर हिंग-मोहरीची फोडणी आणि सोबत कढी. अस्सल वऱ्हाडी-नागपुरी थाट! पण वडे पुन्हा तळायचेच. शेवटी गोळाभात ठरला. चण्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफवतात, तळण नाही आणि डाळीची प्रथिनंही पोटात जातात. कागदी वाटीत गोळाभात, वरून थोडी फोडणी, लिंबाची फोड आणि बारीक चिरलेला सांबार. (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!)

फ्राइज बंद करा असं मी म्हटलं नाही आणि त्यांनी केलेही नाहीत. महिनाभराने वहीत दिसलं ते असं की संध्याकाळी अजून फ्राइजच पुढे आहेत, पण दुपारी बारा ते तीन गोळाभात पहिला संपतो. हॉस्टेलच्या पोरी, बँकेतले शिपाई, ऑटोवाले, ज्यांना खरी भूक असते ते भातच मागतात. फ्राइजने तोंड चाळवतं, पोट भरत नाही, हे गिऱ्हाइकालाही कळतंच की. त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला आणि आता ती स्वतःच सकाळी सांगते, ''आज भरडा जास्त भिजवजो वं!''

जगातही हे काही नवीन नाही. फिलिपिन्समध्ये जॉलीबी नावाची साखळी तळलेल्या चिकनसोबत भाताची मूद देते, तिथल्या मॅकडोनल्ड्सलाही भात ठेवावा लागला. जपानच्या मॉस बर्गरने १९८७ मध्ये पावाच्या जागी भाताच्या चकत्यांचा बर्गर काढला. भात खाणाऱ्यांनी आपली सवय सोडली नाही, दुकानालाच बदलावं लागलं.

भात निवडा, पण एवढं सांभाळा

शिजलेला भात तासन् तास उघड्यावर ठेवू नका. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका फारच. भात वाफाळताच वाढा. उरला तर पसरून लवकर निववा, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नीट गरम करून संपवा. बाहेर फ्राइड राइस घेताना भात सकाळपासून टोपल्यात पडलेला तर नाही ना, हे बघा.

बाहेर खाताना वाटीभर भात पुरे. सोबत कोल्ड्रिंकऐवजी मठ्ठा मागा. घरात कुणाला मधुमेह असेल तर आधी डाळ-भाजी, मग भात.

पोरांनी फ्राइजचा हट्ट धरला तर महिन्यातून एखादे वेळी होऊ द्या, छोटं पाकीट घेऊन चौघांत वाटा. मुलांच्या शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. पालकसभेत हा विषय आपणच काढायला हवा.

आणि घरच्यासाठी हा आमचा गोळाभात. एका वाटी तांदळाला पाऊण वाटी डाळीचा भरडा. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, जिरं आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा आणि लिंबाएवढे गोळे करा. भाताचं पाणी आटत आलं की गोळे वर ठेवा, झाकण घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं वाफवा. वाढताना गोळा भातात फोडा, वर हिंग-मोहरी-लाल मिरचीची चमचाभर फोडणी आणि लिंबू. रेशनचा तांदूळ असला तरी चव उतरते.

तुमच्या गावात बचत गटाची गाडी असेल, शाळेचं स्नेहसंमेलन असेल, हळदीकुंकवाचा अल्पोपाहार असेल, तर एकदा हा पदार्थ ठेवून बघा. वही मात्र जवळ ठेवा. किती वाट्या गेल्या आणि किती पैसे उरले, ते लिहा. चांगलं खाणं बायकांच्या हाताला चार पैसेही मिळवून देतं, तेव्हाच ते टिकतं.