गोळी की संवाद?

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती : ‘विचार बदलून नैराश्य जात असेल, तर गोळ्या कशाला?’ प्रश्न रास्त आहे.

माणसाला घटना त्रास देत नाहीत, त्यांच्याविषयीची त्याची मतं देतात, असं ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगायचा. हाच धागा पकडून अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. सौम्य नैराश्यात अशा संवादाने पुष्कळांना गुण येतो. पण लक्षात घ्या, स्वतःचे विचार तपासायलाही अंगात त्राण लागतं. तीव्र नैराश्यात झोप, भूक, एकाग्रता सगळंच गेलेलं असतं. तेव्हा ‘जरा चांगले विचार कर’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल’ म्हणणं! तिथे बहुधा गोळी आणि संवाद दोन्ही लागतात.

आता गोळीचं. तिचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे जातात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडली, तर तिला संधीच मिळत नाही. बरं वाटल्यावरही ती साधारण किमान ६ महिने चालू ठेवतात. बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. एक औषध लागू पडलं नाही, तर दुसरं असतं.

आणि घरात कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. तत्त्वज्ञान आपण नंतर करू.