कोवळं ऊन पुरत नाही

पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणीकडे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. उघडीप मिळाली की सोरायसिसच्या रुग्णाला घरचे म्हणतात, “जरा कोवळ्या उन्हात बस.” सल्ला मायेचा, पण या आजाराला फारसा उपयोगाचा नाही. इथे कामाला येणारे यूव्हीबी हे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. खिडकीची काचही त्यांना जवळजवळ पूर्ण अडवते. दुपारी ते भरपूर मिळतात, पण किती अंगावर घेतले याचा हिशेब लागत नाही आणि कातडी भाजते.

प्रकाशोपचारात हा हिशेबच ठेवतात. १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिकी या संशोधकांनी एकेक तरंगलांबी तपासली. २९० नॅनोमीटरच्या खालच्या किरणांनी त्वचा लाल झाली, चट्टे हलले नाहीत. तीनशेच्या पुढे ३१३ पर्यंत ते निवळले. आजच्या ‘नॅरोबँड यूव्हीबी’ नळ्या म्हणूनच ३११ च्या आसपास प्रकाश देतात.

निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हा प्रवास आठवड्याच्या आत उरकतो आणि कच्च्या पेशींच्या चंदेरी खपल्या साचतात. किरणांमुळे ही वाढ मंदावते, तिला चिथावणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मरतात.

उभ्या कपाटासारख्या यंत्रात डोळ्यांना गॉगल लावून, नाजूक भाग झाकून उभं राहायचं. सुरुवात अगदी थोड्या वेळाने, मग मात्रा वाढवत न्यायची. त्वचा सावळी होते. चट्टे जाताहेत यापेक्षा मुलगी काळी पडतेय याचीच काळजी करणारे आईबाप आपल्याकडे कमी नाहीत! उपचार थांबवल्यावर तो रंग हळूहळू उतरतो. बावचीचं तेल लावून उन्हात बसण्याचा घरगुती प्रयोग मात्र करू नये. त्यातलं सोरालेन त्वचेला प्रकाशाबाबत इतकं हळवं करतं की फोड येतात.

खरी अडचण रस्त्याची. आठवड्यातून तीनदा, अशा वीस-तीस खेपा. ताम्हिणीहून पुणं पन्नासेक किलोमीटर, वर रोजगार बुडतो. दोनदा आलं तरी गुण येतो, फक्त वेळ साधारण दीडपट लागतो. घरी वापरायची यंत्रंही निघाली आहेत; नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत ती दवाखान्यातल्या उपचाराइतकीच परिणामकारक ठरली. पण महाग आहेत, आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवून द्यावी लागते. घाट बंद पडून खेपा चुकल्या असतील, तर यंत्रात शिरण्याआधी ते सांगावं. मोठ्या खंडानंतर मात्रा कमी करूनच पुन्हा सुरुवात करतात.