परसदारातून आलेला सांबा : 'फुंदो दे किंताल'ची वाटचाल

सांबा म्हटले की रिओचा कार्निव्हल, पिसांचे मुकुट आणि झगमगाट डोळ्यांसमोर येतो. पण हे संगीत घडवले ते काळ्या कष्टकऱ्यांनी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. त्यानंतरही सांबा वाजवणाऱ्यांच्या मागे पोलीस लागत. पुढे तोच सांबा देशाची ओळख म्हणून मिरवला गेला! म्हणून आम्ही इथे कार्निव्हलबद्दल नव्हे, तर 'फुंदो दे किंताल' या गटाबद्दल लिहीत आहोत. नावाचा अर्थच 'परसदार'.

रिओच्या उत्तर भागातील रामोस या उपनगरात १९६१ मध्ये 'कासिक दे रामोस' हे कार्निव्हल पथक सुरू झाले. सत्तरच्या दशकात त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाजवळ दर बुधवारी मंडळी जमू लागली. फुटबॉल, जेवण आणि मग गोल बसून गाणे. मोठ्या सांबा पथकांत तेव्हा पैसा आणि दिखावा वाढत होता. इथे मंचही नव्हता.

अडचण होती आवाजाची. मिरवणुकीचे मोठे ढोल बैठकीत गाणाऱ्याला गिळून टाकत, आणि काव्हाकिन्यो हे चार तारांचे छोटे वाद्य त्यात ऐकूच येत नसे. उपाय या मंडळींनीच शोधला. अल्मिर गिनेतो यांनी बँजो काव्हाकिन्योच्या सुरांत लावला. त्याचा टणटणीत आवाज तालवाद्यांतूनही वर येतो. उबिरानी यांनी काठीने वाजवायच्या ढोलाचे खालचे कातडे काढून तो हाताने वाजवायला घेतला. सेरेनो यांनी मोठ्या ढोलाच्या जागी 'तांतां' आणला, तोही हातानेच वाजणारा. आज ब्राझीलभरच्या सांबा बैठकांत ही वाद्ये दिसतात.

बेत कार्व्हाल्यो या तेव्हा नावाजलेल्या गायिका. त्या या बैठकीत आल्या आणि १९७८ च्या त्यांच्या अल्बममध्ये हा नवा ताल उतरला. कार्यकर्त्यांनी इथे जरा थांबावे : त्यांनी नुसती गाणी उचलली नाहीत, वाजवणाऱ्यांनाही स्टुडिओत नेले. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. १९८० मध्ये गटाची स्वतःची पहिली तबकडी निघाली.

लगेचच गिनेतो आणि जॉर्जे आरागाव बाहेर पडले, स्वतंत्र गायक म्हणून नावारूपाला आले. त्याच बैठकीतून आर्लिंदो क्रूझ गटात आले. झेका पागोदिन्यो हेही तिथलेच. पुढे आर्लिंदोही गेले, नवे आले. २०२० मध्ये कोरोनाने उबिरानी यांना नेले. त्यांनी घडवलेला ढोल गटात अजून वाजतो, वाजवणारे हात तेवढे दुसरे आहेत.