हिरवं कुरण, आजारी खूर: तट्टूंचा लॅमिनायटिस आणि 'नॅचरल' इलाज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. आधीच सांगतो, मी बीटेक करून दिवसभर कोड लिहिणारा माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते आणि सुट्टीच्या दिवशी एका तबेल्यात मदतीला जाते. तिथल्या एका शेटलंड तट्टूला लॅमिनायटिस झाला आणि लगेच 'शंभर टक्के नॅचरल' पावडरींचे फॉरवर्ड सुरू झाले. तिने विचारलं, "दादा, यातलं खरं किती?" म्हणून हा भाग.

आधी आजार समजून घेऊ. घोड्याच्या खुरात एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला आतून जणू टांगलेलं असतं. ही पकड म्हणजे एकमेकांत गुंतलेले शेकडो पातळ पापुद्रे, अगदी वेल्क्रोसारखे. लॅमिनायटिसमध्ये हे पापुद्रे सुटायला लागतात आणि वरच्या वजनाने हाड फिरतं किंवा खाली सरकतं. तट्टू पुढच्या पायांवरचा भार काढून मागे रेलून उभं राहतं, वळताना अवघडतं, खूर गरम लागतात. ही इमर्जन्सी आहे. पहिला फोन डॉक्टरलाच.

पण होतं कशामुळे? बहुतेक तट्टूंमध्ये इन्सुलिनमुळे. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट तट्टूंच्या रक्तातलं इन्सुलिन मुद्दाम चढतं ठेवलं. ७२ तासांच्या आत त्या सगळ्यांना लॅमिनायटिस झाला.

शेटलंड बेटं स्कॉटलंडच्या उत्तरेला आहेत. तिथे थंडी, वारा आणि विरळ, निकस गवत. त्यावर तगणारं हे बुटकं जनावर थोडक्यात भागवायला शिकलंय. त्यालाच गाईंसाठी पेरलेल्या साखरयुक्त गवताच्या कुरणात सोडलं, तर ते गवतच त्याला बाधतं. म्हणजे बघा, हिरवंगार कुरण शंभर टक्के नॅचरल, आणि आजाराचं मूळही तेच! म्हणून 'नॅचरल आहे का?' यापेक्षा 'या जनावराच्या मूळ जगण्याला धरून आहे का?' हे विचारायचं.

त्या हिशोबाने तीन गोष्टी उपयोगी पडतात.

एक, चारा. कुरण बंद. चंदी, गूळ, गाजर, सफरचंद बंद. फक्त सुकं गवत, तेही वजन करून. डॉक्टर साधारण शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा सांगतात, म्हणजे २०० किलोंच्या तट्टूला रोज ३ किलोंच्या आसपास. हे गवत तासभर गार पाण्यात भिजवून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे बरीचशी साखर निघून जाते. किती जाते हे प्रत्येक गवतागणिक बदलतं, म्हणून जमेल तिथे गवताची तपासणी करावी. साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या आत हवं. भिजवताना क्षारही जातात, ते वेगळे द्यावे लागतात. आणि उपाशी मात्र कधीच ठेवू नका. उपाशी तट्टूच्या अंगातली चरबी रक्तात उतरते, लिव्हर बिघडतं आणि जीवही जाऊ शकतो.

दोन, खूर. एक्स-रे बघून नालबंद खुराचा पुढे वाढलेला भाग कापतो, तळाला मऊ आधार देतो. खाली जाड अंथरूण हवं. नवा खूर वरून खालपर्यंत यायला ९ ते १२ महिने लागतात, तेव्हा धीर धरा.

तीन, हालचाल. दुखत असताना अजिबात नाही, तेव्हा सक्तीची विश्रांती. बरं वाटल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, हळूहळू. अमेरिकेतले नालबंद जेमी जॅक्सन यांनी 'पॅडॉक पॅराडाइज' ही कल्पना मांडली. मैदानाच्या कडेने अरुंद वाट आखायची आणि जागोजागी थोडं थोडं गवत ठेवायचं. जनावर खाता खाता चालत राहतं.

आता पावडरी. क्रोमियम-मॅग्नेशियमचं मिश्रण लठ्ठ, लॅमिनायटिस होऊन गेलेल्या घोड्यांना देऊन पाहिलं गेलंय, इन्सुलिनमध्ये फरक पडला नाही. विलो झाडाच्या सालीत ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य असतं. डॉक्टरच्या वेदनाशामकासोबत ती गुपचूप दिली तर पोटाला त्रास होण्याची भीती. म्हातारं तट्टू असेल आणि पिट्युटरी ग्रंथीचा आजार निघाला, तर पर्गोलाइडची गोळी लागते, तिथे जडीबुटी पुरत नाही. साधा बर्फ मात्र कामाचा आहे. अगदी सुरुवातीच्या तासांत खूर बर्फात ठेवण्याला संशोधनाचा आधार आहे. तोही डॉक्टरला विचारूनच.

थोडक्यात, पावडरीच्या डब्याआधी वजनकाटा आणि बादली विकत घ्या. ओळखीत कुणाकडे तट्टू असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!