बरोलोच्या घरातली धाकटी

बरोलो प्यायची तर खिसाही हवा आणि धीरही. ३८ महिने मुरल्याशिवाय ती बाजारात येतच नाही. आपण त्याच घरची दोल्चेत्तो मागवावी! किंमत कितीतरी कमी.

उत्तर इटलीतल्या बरोलो गावात बार्तोलो मास्कारेल्लोंची जेमतेम पाच हेक्टरची द्राक्षबाग. छोट्या ओक पिंपांची, म्हणजे ‘बारिक’ची, फॅशन आली, पण हा गडी जुनी मोठी पिंपं सोडेना. १९९९च्या लेबलवर चक्क ठणकावलं : बारिक नको, बर्लुस्कोनी नको! २००५मध्ये ते गेले, पण लेक मारिया तेरेसाने पिंपं बदलली नाहीत.

दोल्चेत्तो म्हणजे ‘गोडुली’, पण वाइन मुळीच गोड नाही. गडद जांभळी, चेरीची चव, शेवटी कडू बदामाची चुणूक. जपून कशाला ठेवायची? दोन-तीन वर्षांत, गरम पास्त्याबरोबर, उडवायची.