वाघदेव, चंद्र-सूर्य आणि गद्धेगाळ

नवापूरच्या बाजूला शिवेवर शेंदूर माखलेला कोरीव दगड किंवा लाकडी फळी दिसली, तर जरा थांबा. तो वाघदेव! मधे वाघ, वर चंद्र-सूर्य, कधी सोबतीला नाग. गुरं वाघापासून राखायची जबाबदारी वाघावरच. मला तर ही युक्ती भारी वाटते. वाघबारशीला गुराखी त्याला पुजतात.

चंद्र-सूर्याची हीच जोडी वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, माथ्यावरही असते: ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहो. गद्धेगाळ म्हणजे दानाची नोंद असलेला दगड; त्यावर मात्र चंद्र-सूर्याखाली दान मोडणाऱ्याला थेट गाढवाची शिवी कोरलेली. अलिबागजवळच्या आक्षीत असा दगड आहे.

तुमच्या गावात असा दगड असेल तर फोटो टाका. शेंदूर मात्र खरवडू नका, तो दगड पूजेतला देव आहे.